दिवा हिरवा असला तरी
चंद्रपूर-गडचिरोलीहून परदेशी येणाऱ्या नव्या चालकांसाठी

मूल-चंद्रपूर रस्त्यावर रात्री-अपरात्री गाडी नेलेल्या माणसाला आता आणखी काय ड्रायव्हिंग शिकायचं, असं वाटणं साहजिक आहे. बऱ्याच अंशी ते खरंही आहे. कडेच्या झुडपात दोन डोळे चमकले की त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जातो. एक चितळ गेलं की मागून कळप येणार, हे त्याला ठाऊक असतं. मोहाच्या दिवसांत पहाटे टोपल्या घेऊन निघालेल्या बायका, मागे दिवा नसलेली बंडी, वळणावर बंद पडलेला हायवा, हे सगळं तो लांबूनच हेरतो. ही नजर सोबत आणा. इकडच्या पुष्कळ चालकांकडे ती नसते.

जे आणू नये ते वेगळं. आलापल्ली ते सिरोंचा हा शंभरेक किलोमीटरचा जंगलातला रस्ता, त्यावर सिग्नल नाही. आणि चंद्रपुरात बंगाली कॅम्प, वरोरा नाका किंवा जटपुरा गेटपाशी आलं की खरा व्यवहार माणसामाणसांतच ठरतो. गाडीचं नाक थोडं पुढे घालायचं, समोरचा किती दबतो ते बघायचं, एक हॉर्न, एक डिपर, काचेतून हात, आणि निघायचं. गडचिरोलीच्या इंदिरा गांधी चौकात चंद्रपूर, आरमोरी, धानोरा आणि चामोर्शी असे चार रस्ते मिळतात. तिथे ऑटो, एसटी, ट्रॅक्टर आणि सायकलवाला एकमेकांचा अंदाज घेत वाट काढतात आणि बहुतेक वेळा ते जमूनही जातं. परदेशात समोरचा तुमचा अंदाज घेत नाही. तो दिव्याकडे बघतो आणि तुम्हीही दिव्याकडेच बघत असाल असं धरून चालतो. आपल्या नव्या मंडळींचे चौकातले बहुतेक अपघात या एका फरकातून होतात, असं आमचं मत आहे.

अमेरिका, इंग्लंड, जर्मनी आणि दुबईत स्थिरावलेल्या आपल्या भागातल्या कुटुंबांनी नव्यांना वेळोवेळी जे सांगितलं, ते इथे एकत्र केलं आहे. नियम देशागणिक आणि अमेरिकेत तर राज्यागणिक बदलतात, म्हणून पोहोचल्यावर तिथल्या परिवहन खात्याची पुस्तिका एकदा शांतपणे वाचाच.

निघण्याआधी

चंद्रपूर किंवा गडचिरोलीच्या आरटीओ कार्यालयातून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून ठेवा. नमुना ४-अ, पासपोर्ट आणि चालू लायसन्स लागतं. फी हजार रुपये, मुदत एक वर्ष. हा परवाना म्हणजे तुमच्या लायसन्सची ओळख पटवणारा कागद आहे, त्यामुळे मूळ लायसन्सही जवळ हवंच. आणि वर्षभराची मुदत छापलेली आहे म्हणून वर्षभर चालवता येईल असं समजू नका. इंग्लंडमध्ये राहायला आल्यापासून १२ महिने भारतीय लायसन्स चालतं, जर्मनीत ६ महिने. कॅलिफोर्नियात तुम्ही रहिवासी झालात की १० दिवसांत तिथल्या लायसन्ससाठी अर्ज करायचा असतो, टेक्सासमध्ये ९० दिवस मिळतात. दुबईत रहिवासी व्हिसा लागला की भारतीय लायसन्सवर गाडी चालवताच येत नाही, तिथली परीक्षा द्यावी लागते. मुदत उलटल्यावर अपघात झाला तर विमा कंपनी हात झटकू शकते. दंडापेक्षा ते महागात पडतं.

लाल आणि पिवळा

रात्रीचे बारा वाजलेत, चौकात चिटपाखरू नाही, दिवा लाल आहे. तुम्ही थांबता आणि मागच्या सीटवरून गावाकडचा पाहुणा म्हणतो, "काऊन थांबला बे, रोड तर पूर्ण खाली आहे!" थांबूनच राहा. जर्मनीत दिवा लाल होऊन एक सेकंद उलटल्यावर तुम्ही रेषा ओलांडली तर २०० युरो दंड, दोन गुण आणि महिनाभर लायसन्स जमा. दुबईत १,००० दिरहम, १२ काळे गुण आणि गाडी ३० दिवस जप्त. इंग्लंडमध्ये १०० पौंड आणि तीन गुण, आणि ते गुण पुढे विम्याच्या हप्त्यात दिसतात. दंडाची भीती घालून शिस्त लावणं आम्हाला फारसं आवडत नाही, पण नव्या माणसावर पहिला परिणाम त्याचाच होतो. खरं कारण असं की अमेरिकेत लाल दिवा तोडण्यामुळे दरवर्षी हजाराच्या आसपास किंवा त्याहून जास्त माणसं मरतात आणि त्यातली निम्म्याहून अधिक दुसऱ्या गाडीतली, सायकलवरची किंवा पायी जाणारी असतात. तोडणारा एक, मरणारा दुसराच.

पिवळ्याचा हिशेब जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडे पिवळा म्हणजे 'दाब लवकर' असाच अर्थ रुळला आहे. इंग्लंडमध्ये पिवळा तीन सेकंद असतो. ताशी ३० मैल, म्हणजे साधारण ४८ किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला तेरा मीटरहून थोडी जास्त जाते, म्हणजे तीन सेकंदांत सुमारे ४० मीटर. याच वेगाला थांबायला लागणारं अंतर तिथल्या 'हायवे कोड'मध्ये २३ मीटर दिलं आहे: ९ मीटर विचार करण्यात जातात, १४ ब्रेक लागण्यात. म्हणजे वेगमर्यादेत असाल तर कुठेही पिवळा लागो, एक तर थांबता येतं किंवा लाल व्हायच्या आत रेषा ओलांडता येते. आता पाऊस पडू द्या. ओल्या रस्त्यावर थांबण्याचं अंतर किमान दुप्पट धरायला सांगतात, म्हणजे ४६ मीटर. चौकापासून ४३ मीटरवर असलेला चालक आता थांबूही शकत नाही आणि वेळेत पारही होऊ शकत नाही. त्यातून एकच सुटका असते, चौक दिसला की आधीच वेग कमी केलेला असणं. बर्फात हे अंतर दहापट होऊ शकतं, आणि सूरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक पावसाळ्यात ज्या चिखलातून जातात त्याचा अनुभवही तिथे कामाला येत नाही.

लाल असताना उजवीकडे वळण्याची मुभा अमेरिकेत बहुतेक ठिकाणी आहे, पण चाकं पूर्ण थांबवून, बघून, मगच. न्यूयॉर्क शहरात मात्र पाटीने परवानगी दिलेली नसेल तर नाही. जर्मनीत दिव्याशेजारी हिरव्या बाणाची छोटी पाटी असेल तरच, आणि तिथेही आधी पूर्ण थांबून. इंग्लंडमध्ये लालवर डावीकडे वळता येत नाही. आपल्याकडेही हिरवा बाण किंवा परवानगीची पाटी असल्याशिवाय येत नाही. चंद्रपुरात सगळे वळतात, ही गोष्ट वेगळी.

हिरव्यावर वळताना

सर्वांत जास्त इशारे याच जागेबद्दल आले. अमेरिका, जर्मनी आणि दुबईत गाडी उजव्या बाजूने चालते, त्यामुळे आपल्याकडे जे अवघड उजवं वळण, ते तिथे डावं होतं. दिवा गोल हिरवा आहे, बाण नाही, तुम्हाला डावीकडे वळायचं आहे आणि समोरून सरळ येणाऱ्यांनाही हिरवाच आहे. पहिला हक्क त्यांचा. आपल्याकडे नाक घातलं की समोरचा वेग कमी करतो. इथे तो ताशी सत्तर किलोमीटरने तसाच येतो, कारण तुम्ही मध्ये याल अशी शंकाही त्याला नसते. फट पुरेशी वाटली नाही तर थांबा. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू द्या. वळण झाल्यावर ज्या रस्त्यात शिरणार तिथे पायी ओलांडणारा असतो आणि त्यालाही त्याच वेळी चालण्याचा दिवा मिळालेला असतो. त्याच्यासाठी थांबणं हे उपकार म्हणून नसतं, तो त्याचा हक्क आहे. इंग्लंडमध्ये जानेवारी २०२२ पासून वळणाच्या तोंडाशी ओलांडायला नुसत्या उभ्या असलेल्या माणसालाही आधी जाऊ द्यावं असा नियम आहे.

चुकीच्या बाजूला जाण्याचा धोका भरगर्दीत नसतो, तिथे पुढची गाडी वाट दाखवते. धोका असतो तो पहाटे, पेट्रोल पंपावरून किंवा दुकानाच्या आवारातून बाहेर पडताना, रस्ता रिकामा असताना. तिथे हात जुन्या सवयीने डावीकडे जातो. शेजारी बसलेल्याने वळताना "उजवीकडे" असं मोठ्याने म्हणायचं, ही पद्धत अनेक घरांत पहिले काही महिने चालते आणि ती हसण्यावारी नेऊ नये.

डिपरचंही तसंच. आपण डिपर देतो तेव्हा 'मी येतोय, तू थांब' असं म्हणत असतो. इंग्लंडमध्ये चालक बहुधा 'तुम्ही व्हा पुढे' म्हणून दिवे लुकलुकवतात. नियमाप्रमाणे तिथे डिपर फक्त 'मी इथे आहे' एवढंच सांगण्यासाठी आहे, म्हणून कोणी दिला तरी त्यावर विसंबून चौकात शिरू नका आणि स्वतः तर देऊच नका. हॉर्नचा मोह आवरा. तिथे उभ्या गाडीतून हॉर्न वाजवायचा नसतो आणि वस्तीत रात्री साडेअकरा ते सकाळी सातपर्यंत चालत्या गाडीतूनही नाही.

दिवेच बंद पडले तर? वीज तयार करणाऱ्या जिल्ह्यातल्या माणसाला बंद सिग्नल काही नवा नाही. कॅलिफोर्नियात अशा वेळी चारही बाजूंनी थांबून, जो आधी आला त्याने आधी जायचं, आणि एकाच वेळी आले तर उजवीकडच्याला वाट द्यायची. जर्मनीत कोणतीच पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला. पिवळ्या रंगाच्या स्कूलबसने लाल दिवे लुकलुकवले की अमेरिकेत मागचे आणि, मध्ये दुभाजक नसेल तर, बहुतेक राज्यांत समोरचेही थांबतात. याला अपवाद शोधू नका.

आई-बाबा आले की

चालकाइतकीच काळजी पायी फिरणाऱ्या वडीलधाऱ्यांची घ्या. तळहात पुढे करून गाड्या थांबवत रस्ता ओलांडायची आपली रीत मुलाच्या घरी सहा महिने राहायला आलेल्या आईच्या अंगात असते. पहिल्या दिवशी त्यांना घेऊन जवळच्या चौकात जा. खांबावरचं बटण दाबून दाखवा, अमेरिकेत असाल तर पांढरा चालणारा माणूस आणि केशरी हात यांचा अर्थ सांगा. हात लुकलुकू लागला की नव्याने उतरायचं नाही, उतरलेल्याने मात्र ओलांडणं पूर्ण करायचं. आणि वाहनं कुठून येतात ते: भारतात आधी उजवीकडे बघतात, अमेरिकेत आधी डावीकडे बघावं लागतं.

सुट्टीत घरी गेल्यावर

उलटा प्रवासही तितकाच नाजूक असतो. चंद्रपूरला पोहोचल्यावर पहिले काही दिवस भाऊ किंवा ड्रायव्हरच्या शेजारी बसून नुसतं बघा. परदेशात पिवळा दिसला की जसा ब्रेक दाबता, तसा पडोलीच्या बाजूला दाबलात तर मागे कोळशाचा हायवा असू शकतो आणि तुम्ही थांबाल असं त्याने धरलेलंच नसतं. थांबायचं तर आहेच, पण आरशात बघून, आधीपासून वेग उतरवत, ब्रेकचा दिवा मागच्याला दिसेल असं. दिवा हिरवा झाला तरी क्षणभर थांबून दोन्हीकडे बघा, कारण आडव्या रस्त्यावरचा लाल कोणी पाळलेला असेलच असं नाही. इथेच जंगलातल्या रस्त्याची ती जुनी नजर पुन्हा कामी येते.

कायद्याबद्दल एकदा स्पष्ट सांगतो. 'आपल्याकडे चालतं' हे खरं नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर लाल दिवा तोडणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये धोकादायक वाहन चालवण्यात धरलं जातं. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. हातात फोन घेऊन गाडी चालवणंही त्याच कलमात आहे. आणि अमेरिकेत सोळाव्या वर्षी लायसन्स मिळालेल्या नातवाच्या हाती आजोबांची कार देऊ नका. भारतात कारसाठी वय अठराच लागतं, आणि कलम १९९-अ प्रमाणे पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होतो, गाडीची नोंदणीही वर्षभरासाठी रद्द होते. कौतुक घरात करा.

टक्कर झालीच तर

पळून जाऊ नका, कुठल्याच देशात. जमाव मारेल ही आपल्याकडची भीती समजण्यासारखी आहे आणि जिवावर बेतत असेल तर कायदाही ती मानतो. पण कलम १३४ प्रमाणे जखमीला उपचार मिळवून देणं आणि पोलिसांना कळवणं ही चालकाची जबाबदारी आहे, चूक कोणाचीही असो. जर्मनीत तर शक्य असून मदत न करणं हाच गुन्हा आहे. अमेरिकेत ९११, इंग्लंडमध्ये ९९९, जर्मनीत ११२. गावाकडे ११२, किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८. तुम्ही नुसते तिथून जाणारे असाल तरी थांबा. कलम १३४-अ ने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे: तुमचं नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही आणि दवाखान्यात पोहोचवलं म्हणून गुन्ह्यात गोवता येत नाही. धानोरा किंवा एटापल्लीच्या पुढे मोठा दवाखाना लांब असतो आणि रुग्णवाहिकेला यायला वेळ लागतो, तेव्हा हे कलम गावातल्या पोरांनाही सांगा.