वाद्याचा खरा आवाज गिऱ्हाइकापर्यंत : स्वस्त ऑडिओ इंटरफेस निवडताना

मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात हे काम हाती घेतले, तेच पुढे सतारमेकर म्हणून ओळखले जाऊ लागले. मानांकनाने नावाचे रक्षण होते. विक्री मात्र आजही आवाजावरच होते. पूर्वी गिऱ्हाईक दुकानात मांडी घालून बसे आणि चार तानपुरे छेडून एक निवडी. आता पुण्याचे किंवा लंडनचे गिऱ्हाईक फोनवर म्हणते, ‘आवाज पाठवा.’ कारागीर मोबाइल समोर धरतो, तार छेडतो आणि पाठवून देतो. कित्येक दिवसांच्या मेहनतीचे नुकसान इथेच होते.

मोबाइल हा बोलण्यासाठी बनवलेला आहे. सतत एकसारखा येणारा आवाज म्हणजे पंख्याचा वा रस्त्याचा गोंगाट, असे त्यातील यंत्रणा धरून चालते आणि तो दाबून टाकते. तानपुऱ्याचा आवाज सतत व एकसारखाच असतो! शिवाय फोन मोठा आवाज आपोआप खाली आणतो व बारीक आवाज वर उचलतो. त्यामुळे तारेची आस किती वेळ टिकते हे ऐकणाऱ्याला कळत नाही. जवारीची जी बारीक झणझण कारागीर घोडीवर तासन्‌तास घासून आणतो, ती व्हॉइस मेसेजच्या आकुंचनात छाटली जाते. गिऱ्हाईक म्हणते, ‘वाद्य बंद आवाजाचे वाटते.’ वाद्याचा दोष नसतो.

यावर उपाय म्हणजे एक बरा माइक आणि ऑडिओ इंटरफेस. इंटरफेस ही मुठीएवढी किंवा वहीएवढी पेटी असते. माइकचा क्षीण संकेत ती वाढवते, त्याचे आकड्यांत रूपांतर करते आणि यूएसबीच्या वायरने संगणकाकडे पाठवते. घरी गाणे, कव्वाली वा नात रेकॉर्ड करणाऱ्यांनाही हीच पेटी लागते. बाजारात तिचे शेकडो प्रकार आहेत. भाव सतत हलत असल्याने आम्ही ते येथे देत नाही. काय पाहून घ्यावे एवढेच सांगतो.

पहिला प्रश्न स्वतःला विचारावा : एका वेळी किती माइक लावायचे? एक सतार किंवा एक तानपुरा ऐकवायचा तर एक माइक पुरतो. गायक आणि पेटी यांना दोन हवेत. त्यात तबला व साथीदार आले की चार. येथे खोक्यावरचे आकडे फसवतात. ‘दोन इनपुट’ लिहिलेल्या पेटीत दोन माइक लागतीलच असे नाही. बेरिंगरची यूएमसी २२ आणि फोकसराइटची स्कारलेट सोलो या दोन्हींत माइकची जागा एकच आहे. दुसरी जागा इलेक्ट्रिक गिटारसारख्या वाद्याच्या वायरसाठी. दोन माइक हवे असतील तर यूएमसी २०२ एचडी किंवा स्कारलेट २आय२ या जातीची पेटी पाहावी लागते. दुकानात तीन पिनांच्या माइकची भोके स्वतः मोजावीत.

दुसरी गोष्ट आम्ही पैसे घालवून शिकलो. कंडेन्सर माइकला चालण्यासाठी ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो, त्याला फँटम पॉवर म्हणतात. आम्ही सुरुवातीला रंगीत दिव्यांची, पुष्कळ बटणांची एक अगदी स्वस्त पेटी मागवली. वर ‘४८ व्होल्ट’ ठळक छापलेले. माइक लावला तर आवाज मेलेला, त्यात सूं सूं. आम्ही माइकलाच दोष देत राहिलो. शेवटी शेजारच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याने मीटर लावला, तर जेमतेम ५ व्होल्ट! पेटी परत घ्यायला विक्रेता तयार नव्हता, कारण मुदत संपली होती. तेव्हा पेटी हाती येताच माइकची वायर जोडून, फँटमचे बटण दाबून, मोकळ्या टोकाच्या १ व २ आणि मग १ व ३ या पिनांमध्ये मीटर लावावा. दोन्हीकडे ४४ ते ५२ व्होल्ट दिसले पाहिजेत. दोन मिनिटांचे काम आहे.

तिसरी गोष्ट गेन, म्हणजे संकेत किती वाढवता येतो ते. जलशात गायक हातात धरतात तो डायनॅमिक माइक मजबूत असतो, पण त्याचा संकेत फार बारीक असतो. तानपुऱ्यासारख्या हळू वाद्यापुढे त्याला ६० डेसिबलच्या आसपास गेन लागतो. स्कारलेट २आय२ च्या २०१९ च्या आवृत्तीत ५६ डेसिबल होता, २०२३ च्या आवृत्तीत ६९ आहे. एकाच नावाच्या जुन्या-नव्या पेटीत एवढा फरक पडतो. कंडेन्सर माइकचा संकेत साधारण दहापट मोठा असल्याने त्याला ४० डेसिबलच्या आतबाहेर पुरतात. वाद्य बनवणाऱ्याने म्हणूनच साधा कंडेन्सर माइक घ्यावा, असे आमचे मत आहे.

‘१९२ किलोहर्ट्झ’ या आकड्यासाठी मात्र जादा पैसा देऊ नये. माणसाच्या कानाची मर्यादा २० किलोहर्ट्झ, आणि त्यासाठी सीडीचे ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ पुरेसे आहेत. २४ बिट असेल तर अवश्य घ्यावे. त्यात आवाजाची पातळी खाली ठेवूनही खरखर येत नाही, आणि तार अचानक जोरात वाजली तरी आवाज फाटत नाही. सर्वांत मोठा ठोका उणे १२ डेसिबलपर्यंत जाईल इतकाच गेन ठेवावा. या हिशेबाने एका माइकच्या एका मिनिटाला साडेआठ मेगाबाइटच्या वर जागा लागते. चार माइकांच्या तासाभराला २ गिगाबाइट.

विंडोजवर काम करणाऱ्यांनी कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर मिळतो का, हे विचारावे. आधी संगीत भरून त्यावर गाणाऱ्याला आपलाच आवाज उशिरा ऐकू आला तर ताल सुटतो. पेटीवर ‘डायरेक्ट मॉनिटर’चे बटण असले की गायकाला आवाज संगणकात न शिरता थेट हेडफोनमध्ये मिळतो. नुसते वाद्य रेकॉर्ड करणाऱ्याला याची चिंता नाही. जुन्या बाजारात फायरवायरच्या जोडणीच्या उत्तम पेट्या कवडीमोलाने दिसतात, त्यांच्या मोहात पडू नये. ती जोडणी नव्या संगणकांवर येत नाही. सॉफ्टवेअरला खर्च नाही. ऑडॅसिटी फुकट आहे आणि एवढ्या कामाला पुष्कळ आहे.

पेटीवर वाचलेला पैसा खोलीवर लावावा. मोकळ्या फरशीच्या खोलीत महागडी पेटीही घुमटासारखीच वाजेल. सतरंजी, गाद्या, भिंतीवर टांगलेली गोधडी यांनी बराच फरक पडतो. पंखा बंद करावा. रेकॉर्डिंगमध्ये हुम्म असा आवाज आला तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहावे. बहुतेक वेळा तो जातो. माइक घोडीपासून दीड-दोन फुटांवर ठेवावा, आणि ते अंतर दोरीने मोजून प्रत्येक वाद्याला तेच ठेवावे, म्हणजे गिऱ्हाइकाला दोन वाद्यांची तुलना करता येईल.

आवाज गोड व्हावा म्हणून संगणकात घुमारा मिसळण्याचा मोह होतो. तो मापात पाप करण्यासारखाच आहे. वाद्य हाती पडताच गिऱ्हाइकाला कळते आणि पुढची ऑर्डर जाते. सुरुवातीला वाद्याचा क्रमांक आणि सूर, काळी एक की काळी चार, हे तोंडी सांगावे. मग एक मिनिट तारा छेडाव्यात आणि शेवटची तार पूर्ण विरेपर्यंत रेकॉर्डिंग थांबवू नये. ही फाइल व्हॉइस मेसेज म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून जोडावी, आणि गिऱ्हाइकाला ती फोनच्या भोंग्यावर नव्हे, हेडफोन लावून ऐकायला सांगावे.