शाळेच्या वाटेवरील अमानत

पवित्र कुरआनच्या सूरह यूसुफमध्ये असा एक प्रसंग आहे, जो थोड्या फरकाने आपल्या प्रत्येक घरात रोज सकाळी घडतो. मूल घराबाहेर पडणार आहे, त्याला नेणारे दुसरे आहेत आणि पाठवायचे की नाही हे पित्याला ठरवायचे आहे. ह. यूसुफ (अ.) यांचे भाऊ वडिलांना विनवतात की, यूसुफला उद्या आमच्यासोबत पाठवावे, तो खाईल, खेळेल आणि आम्ही त्याला सांभाळू. ह. याकूब (अ.) हे अल्लाहचे प्रेषित. अल्लाहवर त्यांच्याइतका भरवसा कोणाचा असणार? तरीही ‘अल्लाह मालिक आहे, घेऊन जा’ असे म्हणून ते मोकळे झाले नाहीत. त्यांनी आपली भीती स्पष्ट शब्दांत बोलून दाखवली: तुमचे लक्ष नसताना लांडगा त्याला खाऊन टाकील.

या भीतीचे दोन भाग आहेत. एक लांडगा आणि दुसरी गफलत. लांडगा रानात असायचाच. रक्षकाची नजर हटली की तो घात करतो. पुढे संध्याकाळी भाऊ रडत परतले, तेव्हा त्यांनी कोणती सबब सांगितली हेही लक्षात घेण्यासारखे आहे. आम्ही शर्यत लावून पुढे गेलो, यूसुफला सामानापाशी ठेवले आणि लांडग्याने त्याला खाल्ले, असे ते म्हणाले. सबब खोटी होती; परंतु त्यांनी नेमकी हीच सबब निवडली, कारण ती सहज खरी वाटावी अशी होती. सांभाळणारे स्वतःच्या शर्यतीत गुंतले आणि मूल सामानासारखे मागे राहिले, ही गोष्ट त्या काळी जितकी संभाव्य होती तितकीच आजही आहे.

पुढे दुष्काळात धाकट्या मुलाला इजिप्तला पाठवण्याची वेळ आली. या वेळी ह. याकूब (अ.) यांनी तीन गोष्टी केल्या. मागचा अनुभव त्यांनी मुलांना स्पष्टपणे ऐकवला. अल्लाहच्या नावाने पक्के वचन घेतले की, तुम्ही सगळेच वेढले गेलात तर गोष्ट वेगळी. एरव्ही याला माझ्याकडे परत आणालच. आणि निघताना वाटेविषयी सूचना दिली की, सगळे एकाच दरवाजाने शहरात शिरू नका, वेगवेगळ्या दरवाजांनी जा. एवढे सर्व करून झाल्यावर ते म्हणाले की, अल्लाहच्या निर्णयापुढे मी तुमच्या काही कामी येऊ शकत नाही. माझा भरवसा त्याच्यावरच आहे.

येथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी धोका ओळखला, मग वचन घेतले, मग वाट आखून दिली आणि शेवटी तवक्कुल केला. आपल्याकडे पुष्कळदा पहिल्या तीन पायऱ्या गाळून थेट चौथीवर पाय ठेवला जातो.

तकदीर आणि गफलत

शाळेत जाता-येता मूल गमावलेल्या घरी आपण सांत्वनाला जातो, तेव्हा ‘अल्लाहची मर्जी’ असे म्हणतो. हे शब्द सत्य आहेत आणि दुःखी आईबापांसाठी आधारही आहेत. परंतु ज्याच्या हयगयीने ते मूल गेले, त्याला हेच शब्द पांघरूण म्हणून वापरण्याचा अधिकार शरीअत देत नाही. फुकहांनी अमानतीचा नियम स्पष्ट केला आहे. सांभाळणाऱ्याचा काहीही दोष नसताना ठेव नष्ट झाली तर त्याच्यावर भरपाई नाही. परंतु त्याने मर्यादा ओलांडली किंवा हयगय केली, तर तो जबाबदार ठरतो. ह. याकूब (अ.) यांनी घेतलेल्या वचनातही हाच भेद दिसतो. सगळेच वेढले गेल्यास सूट होती. शर्यतीत रमण्यास सूट नव्हती.

वस्तूच्या ठेवीचा जर हा नियम असेल, तर मुलाविषयी काय बोलावे? प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शिकवले की, तुमच्यापैकी प्रत्येक जण राखणदार आहे आणि त्याच्या कळपाविषयी त्याला विचारणा होणार आहे. त्यात कुटुंबप्रमुखाचा आणि घरातील स्त्रीचा वेगवेगळा उल्लेख आहे. म्हणजे ‘हे त्याच्या आईचे काम’ किंवा ‘हे त्याच्या अब्बांचे काम’ असे म्हणून कोणालाच सुटता येत नाही.

तिर्मिजी शरीफमधील उंटाची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. उंट मोकळा सोडून भरवसा ठेवू की बांधून ठेवू, या प्रश्नावर प्रेषितांनी (स.) आधी बांधण्यास आणि मग भरवसा ठेवण्यास सांगितले. शाळेच्या वाटेवर हा उंट बांधायचा म्हणजे नेमके काय करायचे, ते आता पाहू.

व्हॅनवाल्याशी होणारा करार

तीन आसनांच्या रिक्षात आठ-दहा मुले, चालकाच्या दोन्ही बाजूंना दोन आणि बाहेर लोंबणारी दप्तरे हे दृश्य आपल्या वस्त्यांत नवे नाही. हा चालक अनेकदा आपल्यापैकीच असतो, मेहनतीची हलाल कमाई करणारा असतो. परंतु मुलाला सुखरूप पोहोचवणे हाच त्याच्या मजुरीचा करार आहे. दाटीवाटीने मुले भरली की तो करार पहिल्याच वळणावर मोडतो. यात पालकही भागीदार असतात. दरमहा शंभर-दोनशे रुपये वाचावेत म्हणून आपण घासाघीस करतो आणि चालक तेवढी कमाई दोन मुले जास्त बसवून भरून काढतो. लग्नाच्या एका जेवणावळीत त्याच्या कितीतरी पट रक्कम उडते, याचा हिशेब घरात बसून करावा.

१९९७ साली दिल्लीत वझीराबादच्या पुलावरून शाळेची एक बस यमुनेत कोसळली आणि अनेक मुले दगावली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने शाळेच्या बसविषयी निर्देश दिले. महाराष्ट्रातही २०११ पासून शाळेच्या बसचे स्वतंत्र नियम आहेत आणि त्यांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी लागते. आपल्या मुलाच्या शाळेत ही समिती आहे का, तिची बैठक होते का, हे विचारणे हा पालकांचा हक्क आहे. व्हॅन ठरवताना चालकाचा परवाना पाहावा, मुलांची संख्या मोजावी, दरवाजा नीट बंद होतो का आणि लहान मुलांना उतरवून घेणारी व्यक्ती गाडीत असते का, हे पाहावे. मग ह. याकूब (अ.) यांच्याप्रमाणे स्पष्ट वचन घ्यावे: घरातील माणूस दिसल्याखेरीज मुलाला उतरवायचे नाही आणि आमच्याकडून निरोप आल्याखेरीज दुसऱ्या कोणाच्या हाती सोपवायचे नाही. ओळखीचा माणूस आहे म्हणून बोलायला संकोच वाटतो, परंतु ह. याकूब (अ.) यांनी हे वचन आपल्या पोटच्या मुलांकडून घेतले होते.

जिद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९९३ साली ब्रुनेई येथील अधिवेशनात रस्ते-अपघातांविषयी ठराव केला. शरीअतच्या विरोधात नसणारे वाहतुकीचे नियम पाळणे वाजिब आहे, असा निर्वाळा त्यात देण्यात आला. त्यामुळे सिग्नल तोडणे ही केवळ पोलिसांशी संबंधित बाब उरत नाही. आपल्या हयगयीने कोणाचा जीव गेला, तर सूरह निसामध्ये चुकून झालेल्या हत्येसाठी सांगितलेल्या दियत आणि कफ्फाऱ्याचा प्रश्न उभा राहतो.

मुलाच्या हाती गाडीची चावी

नववी-दहावीतला मुलगा मोटारसायकलवर दोन मित्रांना बसवून शाळेला निघतो आणि घरातील मंडळी कौतुकाने पाहतात. कायद्याने अठरा वर्षे पूर्ण झाल्याखेरीज अशी गाडी चालवता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाने गाडी चालवताना गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कारावास, पंचवीस हजार रुपये दंड आणि बारा महिन्यांसाठी वाहनाची नोंदणी रद्द, अशी त्याची शिक्षा आहे. शिवाय त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. दुनियेतील हा जाब झाला. त्या गाडीखाली दुसऱ्याचे मूल आले, तर आखिरतमध्ये चावी देणाऱ्या हातालाही विचारणा होईल.

वडील स्वतः मुलाला दुचाकीवर नेतात, तेव्हा त्यांच्या डोक्यावर हेल्मेट असते आणि मागे बसलेल्या मुलाचे डोके उघडे असते, हेही सर्रास दिसते. चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचे आहे. लहान डोक्याच्या मापाचे हेल्मेट बाजारात मिळते.

वाट एकदा सोबत चालावी

शाळा सुरू होण्यापूर्वी आई किंवा वडिलांनी मुलाबरोबर ती पूर्ण वाट एकदा चालून पाहावी. रस्ता कोठे ओलांडायचा, कोणते घर किंवा दुकान विश्वासाचे आहे, कुत्र्यांची टोळी कोठे बसते, हे चालल्याखेरीज कळत नाही. बसमधून उतरल्यावर तिच्या आडून लगेच पलीकडे धावू नये. बस निघून जाऊ द्यावी आणि दोन्ही बाजू दिसू लागल्यावरच ओलांडावे, ही सवय तेथेच लावावी. कोकणात पावसाळ्यात साकवावरून पाणी वाहू लागते. अशा वेळी शाळा बुडाली तरी चालेल, पण पाण्यात पाय घालायचा नाही, ही आज्ञा आधीच दिलेली असावी. शाळा चुकल्याबद्दल ओरडा बसेल या भीतीने मुले नको ते धाडस करतात.

मूसा (अ.) यांच्या आईने बाळाला पेटीत ठेवून नदीत सोडले, ते अल्लाहच्या आदेशाने आणि त्याच्या वचनावर विसंबून. तरीही त्यांनी मुलीला त्याच्या मागावर जाण्यास सांगितले आणि ती कोणाला कळू न देता दुरून पाहत राहिली. मोठ्या भावंडांनी धाकट्यांवर अशी नजर ठेवावी. एका आळीतील मुलांनी मिळून जावे. मूल घरी आले की केवळ गृहपाठ न विचारता वाटेत काय झाले हेही विचारावे. कोणी अडवले, नको तेथे स्पर्श केला, खाऊ देऊन बोलावले, असे मुलाने सांगितले तर त्याला गप्प करू नये. घराण्याच्या अब्रूसाठी मुलाचे तोंड बंद करणे म्हणजे लांडग्याला पुन्हा वाट मोकळी करून देणे होय. अशा वेळी १०९८ हा मुलांसाठीचा आणि ११२ हा तातडीच्या मदतीचा क्रमांक उपयोगी पडतो. हे दोन्ही क्रमांक मुलालाही पाठ असावेत.

मुलीची शाळा बंद करणे हा उपाय नव्हे

वाटेत टवाळखोरांनी त्रास दिला की अनेक घरांत पहिला निर्णय होतो तो मुलीचे नाव शाळेतून काढण्याचा. गुन्हा टवाळखोराचा आणि शिक्षा मुलीला, हा न्याय कोणत्या शरीअतचा? सूरह कससमध्ये मदयनच्या विहिरीवरील प्रसंग आहे. दोन मुली आपली जनावरे आवरून बाजूला थांबल्या होत्या, कारण वडील वृद्ध होते आणि गुराख्यांच्या गर्दीत त्यांना वाव मिळत नव्हता. मूसा (अ.) यांनी त्यांना घरी जाण्यास सांगितले नाही. काय अडचण आहे हे विचारले, त्यांच्या जनावरांना पाणी पाजले आणि निमूटपणे सावलीत जाऊन बसले. आपल्या तरुणांसाठी हा आदर्श आहे: अडचण दूर करावी आणि बाजूला व्हावे.

महाराष्ट्राला या वाटेचा इतिहास ठाऊक आहे. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा सुरू झाल्यावर शिकवायला जाणाऱ्या सावित्रीबाई फुले यांच्या अंगावर वाटेत शेण आणि चिखल फेकला जाई. त्या थांबल्या नाहीत. फुले दांपत्याला आसरा मिळाला तो उस्मान शेख यांच्या घरी आणि फातिमा शेख यांनी त्या कार्यात साथ दिली. ज्या समाजाच्या एका घराने त्या काळी शिक्षणासाठी दार उघडले, त्या समाजाने आज नाक्यावरच्या चार टवाळखोरांपुढे माघार घेऊ नये. ग्रामीण भागातील मुलींसाठी अहिल्याबाई होळकर योजनेतून एस.टी.चा मोफत पास मिळतो, त्याचा लाभ घ्यावा. चार घरांनी मिळून एका वडीलधाऱ्या बाईची सोबत ठरवावी. मुलींना त्रास देणारा मुलगा आपल्या ओळखीच्या घरातला असेल, तर त्याच्या वडिलांच्या दारात जाण्याचे धैर्य दाखवावे.

वाटेचा हक्क

सहाबा रस्त्याच्या कडेला बसत, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना वाटेचा हक्क देण्यास सांगितले. नजर खाली ठेवणे, कोणाला उपद्रव न देणे, सलामला उत्तर देणे, चांगल्याचा आग्रह धरणे आणि वाइटापासून रोखणे, हा तो हक्क. वाटेतील त्रासदायक वस्तू दूर करणे हा तर ईमानचाच एक भाग सांगितला आहे. लग्नाचा मांडव रस्ताभर पसरला आणि मुलांना भर रहदारीतून जावे लागले, किंवा जुम्याला शाळेच्या फाटकासमोर गाड्या आडव्या लागल्या, तर आपणच वाटेतील काटा झालो. मशिदीच्या कमिटीने दर शुक्रवारी दोन स्वयंसेवक तेथे उभे करावेत. शाळा सुटण्याच्या वेळी निवृत्त बुजुर्गांनी चौकात उभे राहून मुलांना रस्ता पार करून द्यावा. ह. उमर (रजि.) यांच्याविषयी प्रसिद्ध आहे की, इराकमध्ये एखादे जनावर ठेचकाळले तरी रस्ता नीट का केला नाही हे आपल्याला विचारले जाईल, अशी त्यांना धास्ती वाटे. शाळेसमोरचा खड्डा आणि बंद पडलेला दिवा नगरसेवकाच्या व ग्रामपंचायतीच्या नजरेस लेखी अर्ज करून आणावा. तोंडी तक्रार विसरली जाते.

मकतबची वेळ तर आपल्याच हाती आहे. सूर्यास्ताच्या सुमारास मुलांना काही काळ घरात ठेवावे, अशी शिकवण बुखारी आणि मुस्लिम या दोन्हींत आहे. म्हणून लहान मुलांचा वर्ग शक्यतो असरनंतर घेऊन मगरिबपूर्वी सोडावा. मगरिबनंतर घ्यावाच लागला तर घरातील मोठे माणूस न्यायला आल्याखेरीज मुलाला सोडू नये.

ज्ञानाच्या शोधात जो वाट चालतो, त्याच्यासाठी अल्लाह जन्नतची वाट सोपी करतो, हे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे. दप्तर पाठीवर घेतलेले लहान मूल त्याच वाटेवर असते. सकाळी त्याला घराबाहेर पडण्याची दुआ शिकवावी. अल्लाहचे नाव आणि त्याच्यावरील भरवसा यांनी ती सुरू होते. परंतु ती दुआ शिकवणाऱ्या हातांनी आधी हेल्मेटचा पट्टा लावलेला असावा, व्हॅनमधील मुले मोजलेली असावीत आणि संध्याकाळी दार उघडायला घरात कोणीतरी असावे.

अल्लाह आपल्या सर्व मुला-मुलींना सुखरूप घरी आणो, ज्यांची मुले वाटेत हिरावली गेली त्यांना उत्तम सब्र देवो आणि ही अमानत सांभाळण्याची तौफीक आपणा सर्वांना देवो. आमीन.