निळ्या रेघेचा मासा

दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉन नदीच्या वरच्या खोऱ्यात दाट अरण्यांतून वाहणारे असंख्य ओहोळ आहेत. वर वृक्षांचे छत्र, तळाशी कुजलेल्या पानांचा थर. त्या पानांचा अर्क उतरून तेथील पाणी कोऱ्या चहासारखे तांबूस दिसते. अशा अंधाऱ्या पाण्यात जेमतेम तीन सेंटिमीटर लांबीचा एक मासा थव्याने राहतो. त्याच्या अंगावर एक झळाळती निळी रेघ असते आणि तिच्याखाली, शरीराच्या मागील अर्ध्या भागात, तांबडा पट्टा. निऑनच्या दिव्याची आठवण करून देणाऱ्या या तेजामुळे त्यास ‘निऑन टेट्रा’ असे नाव पडले. १९३६ साली जॉर्ज मायर्स या अमेरिकन मत्स्यशास्त्रज्ञाने त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. आज दुकानांत मिळणारे बहुतेक निऑन मासे मात्र अरण्यातून आणलेले नसतात. ते मत्स्यशेतांत वाढविलेले असतात.

गंमत अशी, की या निळ्या रेघेत निळा रंग मुळीच नसतो. त्वचेतील पेशींत स्फटिकांचे अतिशय पातळ पापुद्रे असतात. त्यांवरून परावर्तित होणारा प्रकाश निळा दिसतो. रात्री ही रेघ फिकी पडते. पहाटे दिवा लावून पाहणाऱ्यास मासे आजारी पडले असे वाटते; पण थोड्याच वेळात रेघ पुन्हा उजळते.

हा मासा एकटा ठेवू नये. थव्यात अनेक रेघा एकदम हलू लागल्या, की शत्रूची नजर कोणा एकावर ठरत नाही. थवा हेच या दुबळ्या जिवाचे कवच होय. एकटा पडलेला मासा भेदरून कोपऱ्यात दडतो व खाणे टाकतो. म्हणून निदान सहा, आणि जागा असल्यास दहाबारा मासे एकत्र ठेवावेत.

तथापि एकटेपणाहूनही अधिक मासे दगावतात ते मनुष्याच्या उतावळेपणाने. हौसेने काचपेटी आणली जाते, तीत स्वच्छ पाणी भरले जाते आणि त्याच संध्याकाळी मासेही सोडले जातात. काही दिवसांनी मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात. पाणी तर आरशासारखे नितळ! मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. विष्ठा व उरलेले अन्न कुजूनही तोच तयार होतो. हे विष डोळ्यांना दिसत नाही. घाबरलेला मनुष्य मग सारे पाणी ओतून देतो आणि वाळू, दगड, गाळणी घासूनपुसून धुतो. दुर्दैवाने, माशांचे खरे रक्षणकर्ते तो येथेच धुऊन टाकतो!

हे रक्षणकर्ते म्हणजे वाळूवर व गाळणीच्या स्पंजात वस्ती करणारे सूक्ष्म जिवाणू. त्यांतील काही अमोनियाचे नायट्राइट बनवितात. तेही विषारीच, परंतु दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, आणि ते पुष्कळच सौम्य असते. ही वस्ती वाढण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पेटीत मासे न सोडता रोज चिमूटभर खाद्य टाकून ते कुजू द्यावे. एखाद्या जुन्या, निरोगी पेटीतील स्पंजाचा तुकडा मिळाल्यास काम लवकर होते. पुढेही सर्व पाणी कधीच बदलू नये. आठवड्यातून एकदा पाव हिस्सा बदलणे पुरे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशांना व जिवाणूंना, दोघांनाही घातक असतो. म्हणून ते पाणी आधी क्लोरीनमुक्त करून घ्यावे. स्पंज पेटीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळावा.

पाणी चोवीस-पंचवीस अंश सेल्सिअस उष्ण असावे. मासे आणल्यावर त्यांची पिशवी पंधरावीस मिनिटे पेटीत तरंगत ठेवावी, म्हणजे आतले व बाहेरचे पाणी सारखे उष्ण होते. नंतर पेटीतील पाणी थोडे थोडे पिशवीत घालावे आणि मासे जाळीने अलगद उचलून सोडावेत. ते प्रथम पाणवनस्पतींच्या आड जातील. त्या दिवशी दिवा मंद ठेवावा. त्यांना खाऊ घालण्याचीही घाई नसते.