स्कूटरची प्रतीक्षायादी : परवाना आणि ग्राहकाचे स्वातंत्र्य

व्यक्तिस्वातंत्र्याचा विचार बहुधा मतदान, भाषण व लेखन यांच्या संदर्भात केला जातो. परंतु आपल्या मिळकतीतून कोणती वस्तू, केव्हा व कोणाकडून घ्यावी, हे ठरविण्याचा अधिकार हाही दैनंदिन स्वातंत्र्याचाच भाग होय. शासनाच्या आर्थिक धोरणाशी या अधिकाराचा किती निकटचा संबंध असतो, हे पिंपरी-चिंचवड परिसरातील स्कूटर उद्योगाच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

परवाना पद्धती

१९५१ च्या उद्योग (विकास व नियमन) अधिनियमान्वये मोठा कारखाना उभारण्यास व त्याचा लक्षणीय विस्तार करण्यास केंद्र शासनाचा परवाना आवश्यक ठरला. अपुरे परकीय चलन निकडीच्या गरजांसाठी राखून ठेवणे आणि आर्थिक सत्ता मोजक्या हाती एकवटू न देणे, हे त्यामागील हेतू होते. हे हेतू गैर नव्हते.

बजाज ऑटोला १९५९ मध्ये दुचाकी व तीनचाकी वाहनांच्या उत्पादनाचा परवाना मिळाला. आकुर्डी येथे कारखाना उभा राहिला. इटलीच्या पियाजिओ कंपनीबरोबरचा करार १९७१ मध्ये संपल्यावर १९७२ मध्ये ‘चेतक’ स्कूटर बाजारात आली. मध्यमवर्गीय कुटुंबांकडून तिला मोठी मागणी होती. उत्पादन मात्र परवान्यातील क्षमतेने बांधलेले होते.

प्रतीक्षेची किंमत

मागणी वाढली असता पुरवठा वाढू दिला नाही, तर टंचाई निर्माण होते. मग माल कोणाला मिळावा, हे ठरवावे लागते. स्कूटरच्या बाबतीत १९६० च्या वितरण व विक्री नियंत्रण आदेशाने ते काम केले. अनामत भरून नाव नोंदवावयाचे व पाळी येईपर्यंत थांबावयाचे, अशी रीत पडली. १९७० च्या दशकात ही प्रतीक्षा काही वर्षांची, प्रसंगी दहा वर्षांचीही असे. परकीय चलनात पैसे भरणाऱ्यास गाडी लवकर मिळे, तर वापरलेली गाडी नव्या गाडीहून अधिक किमतीस विकली जाई. म्हणजे छापील किंमत मर्यादित राहिली, तरी ग्राहक उरलेली किंमत आपल्या आयुष्यातील वर्षांनी चुकती करीत होता. मोठ्या उद्योगांवर ठेवलेल्या नियंत्रणाचा भार असा कामगार, शिक्षक व कारकून यांच्यावर पडला.

बदललेले धोरण

१९८० च्या दशकात निर्बंध सैल होऊ लागले. २४ जुलै १९९१ च्या औद्योगिक धोरणाने १८ उद्योग वगळता परवाना पद्धती रद्द केली. स्पर्धक वाढले आणि ज्या कारखान्यांपुढे ग्राहक रांगेत उभा राहत असे, त्यांनाच ग्राहकाचा शोध घ्यावा लागला. स्पर्धेची झळ उद्योगांनाही लागली. आकुर्डी येथील वाहननिर्मिती २००७ मध्ये थांबली. पुढे चेतकचे नाव विजेवर चालणाऱ्या स्कूटरच्या रूपाने परत आले.

शासनाचे स्थान

यावरून शासनाने बाजारातून अंग काढून घ्यावे, असा अर्थ निघत नाही. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने जमीन, पाणी व रस्ते उपलब्ध केल्यामुळेच भोसरी व चाकण येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. सुरक्षितता, प्रदूषण व मक्तेदारी यांवरील नियमनही आवश्यकच आहे. मात्र कोणताही निर्बंध घालताना त्याची किंमत कोण चुकती करणार, हा प्रश्न प्रथम विचारला गेला पाहिजे. कारण प्रतीक्षायादीत गेलेली वर्षे कोणत्याही अनामतीबरोबर परत मिळत नाहीत.