पाणी कुठपर्यंत आले होते?

मुलांनो, शिरूर घोड नदीच्या काठी वसले आहे आणि दौंड भीमेच्या काठी. समुद्र आपल्यापासून दूर आहे. तरी आज आपण एका जुन्या बंदराच्या गावाची माहिती घेणार आहोत. 'बंदर' म्हटल्यावर हसू नका! उर्दूत हा शब्द माकडासाठीही वापरतात. इथे त्याचा अर्थ तुमचे 'बंदरगाह', म्हणजे होड्या लागण्याची जागा.

रत्नागिरी जिल्ह्यात वाशिष्ठी नदीवर चिपळूण आहे. त्याला लागून गोवळकोटचे बंदर आहे. पूर्वी दाभोळच्या खाडीतून मालाची गलबते तिथपर्यंत येत. समुद्राची भरती आजही नदीतून वर चढते. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणला महापूर आला. सह्याद्रीवर मुसळधार पाऊस पडत होता, नदीचे पात्र गाळाने उथळ झाले होते आणि त्यात भरतीची वेळ आली. सगळी बाजारपेठ पाण्याखाली गेली. २००५ सालीही तिथे मोठा पूर आला होता.

पूर ओसरल्यावर लोक स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी 'चिपळूण बचाव समिती' स्थापन केली. नदीतील गाळ काढावा म्हणून डिसेंबर २०२१ मध्ये साखळी उपोषण केले. पुढे जलसंपदा विभागाने गाळ काढण्याचे काम हाती घेतले. नदीत गाळाची बेटे कुठे वाढली आहेत, हे काठावरच्या माणसाला रोज दिसते. किती गाळ काढला तर पाणी किती उतरेल, याचे गणित मात्र अभियंत्यालाच मांडता येते. एकाचे ज्ञान दुसऱ्याच्या ज्ञानावाचून अपुरे पडते.

दोघांचे नेहमी जमतेच असे नाही. जलसंपदा विभाग नकाशावर पूररेषा आखतो. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. रेषेच्या आत घर आले की बांधकामावर बंधने येतात. म्हणून चिपळूणकरांनी या रेषांना विरोध केला. त्यांचा राग मला समजतो. आयुष्याची कमाई घालून बांधलेल्या घरावरून कोणी न विचारता रेषा ओढली, तर कोणाला आवडेल? पण रेषा पुसल्याने पाणी थांबत नाही, हेही खरेच.

आता आपल्याकडे या. पुण्याची मुळा-मुठा शिरूर तालुक्यात रांजणगाव सांडस येथे भीमेला मिळते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, तेव्हा ते पाणीही याच वाटेने खाली गेले. पावसाळ्यात वर्तमानपत्रांत 'दौंड येथील विसर्ग' इतके क्युसेक, असे छापून येते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर पाणी. त्या आकड्यावरून उजनी धरणात किती पाणी येणार, याचा अंदाज बांधतात. पण एवढा विसर्ग झाला तर दौंडच्या कोणत्या गल्लीत पाणी शिरेल? कोणत्या शेतकऱ्याने नदीवरची मोटार आधी काढावी? हे त्या आकड्यात लिहिलेले नसते. ते काठावरचा भोई, वीटभट्टीवरचा मजूर, गल्लीतली आजी सांगू शकते.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्याची आराखडा-योजना असते आणि दरवर्षी ती तपासायची असते. प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. स्थानिक संस्थांशी चर्चा करूनच योजना तयार करावी, असे कायदा सांगतो. भोई आणि मजुराचे नाव मात्र त्यात वेगळे नाही. त्यांचे म्हणणे तिथपर्यंत ग्रामसभेने किंवा नगरपरिषदेने पोहोचवायचे असते.

शब्दार्थ
गाळ – पाण्याबरोबर वाहून आलेली माती
विसर्ग – सोडलेले किंवा वाहणारे पाणी
इशारा – धोक्याची सूचना (उर्दूत 'इशारा' म्हणजे खूण, मराठीत अर्थ थोडा बदलला आहे)

स्वाध्याय
१. चिपळूणच्या लोकांनी पूररेषांना विरोध का केला? तुम्हाला ते पटते का?
२. 'इशारा' हा शब्द मराठी अर्थाने वापरून दोन वाक्ये लिहा.
३. तुमच्या घरातील किंवा शेजारच्या वडीलधाऱ्यांना विचारा : मोठ्या पुरात पाणी कुठपर्यंत आले होते? ती जागा पाहून या आणि वहीत नकाशा काढून तिथे खूण करा.