हरणाला सत्तूर नको

थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी पेनसिल्व्हेनियात बंदुकीने हरीण मारायचा हंगाम उघडतो आणि दोन-चार दिवसांत शेजारचे आजोबा विचारतात, ‘फ्रीजरमध्ये जागा आहे का?’ जागा असते. प्रश्न सुरीचा असतो. (भारतातल्या वाचकांनी हे नुसतं वाचावं. तिथे १९७२च्या वन्यजीव कायद्याने हरणाची शिकार म्हणजे तुरुंग. इथे परवाना काढून, टॅग लावून मारलेलं हरीण घरी खाता येतं, शेजाऱ्याला देता येतं; विकता मात्र येत नाही.)

कापून, गुंडाळून देणाऱ्याकडे जनावर टाकलं तर साधारण १०० ते १५० डॉलर जातात. सॉसेज हवे असतील तर पौंडामागे वर आणखी. आतडी काढलेल्या शंभर पौंडांच्या हरणातून बिनहाडाचं ४०-४५ पौंड मांस निघतं, गोळी फऱ्यात लागली असेल तर त्याहून कमी. घरी कापायचं सामान ७०-८० डॉलरमध्ये येतं आणि वर्षानुवर्षं पुरतं. म्हणजे पहिल्याच हरणात पैसे वसूल, अट एवढीच की भलतं सामान घ्यायचं नाही.

भलतं सामान मी घेतलं होतं. एका मोठ्या दुकानातून साठ डॉलरचा दहा नगांचा संच: आकडीवाली सुरी, करवत, बरगड्या फाकवायचा दांडा, ठेंगणी कुऱ्हाड. आकडीत केस अडकले, करवतीने हाडाचा भुसा मांसावर उडवला आणि जी एक सुरी खरंच लागत होती तिची धार दुसऱ्या तंगडीआधीच गेली. त्या पेटीत आता रंगाचे ब्रश असतात.

लागते ती एकच: सहा इंची बोनिंग सुरी. पातं अरुंद, जरासं वाकडं, किंचित लवणारं. व्हिक्टोरिनॉक्सची प्लॅस्टिकच्या मुठीची २५ ते ३५ डॉलरला मिळते, डेक्स्टर-रसेलची त्याहून थोडी स्वस्त. दिसायला दोन्ही अगदीच सामान्य, पण मांसाच्या कारखान्यांत माणसं दिवसभर असल्याच सुऱ्या चालवतात. गुळगुळीत लाकडी मूठ चरबीच्या हातातून निसटते. फार कडक पोलादाची महागडी सुरी धार धरते खरी. हाडावर आपटली की मात्र टवका उडतो, आणि पाजवताना आपला घाम निघतो. कातडीही स्वतः सोलणार असाल तर चार इंची मोरा घ्या, १५-२० डॉलर. पाती बदलायच्या सुऱ्या सोलायला झकास, पण सांध्यात पिळल्या की पातं मोडतं आणि तुकडा मांसात शोधत बसावं लागतं. घडीची सुरी खिशात शोभते. तिच्या बिजागरीत शिरलेलं रक्त काढायला दात घासायचा ब्रश लागतो.

आता सत्तूर. आपल्याला नळी हवी, चाप हवेत, हाडाशिवाय रस्सा म्हणजे काय! पण इथे तो मोह आवरा. हरणांत क्रॉनिक वेस्टिंग डिसीज नावाचा रोग आहे. पेनसिल्व्हेनियात तो २०१२मध्ये सापडला. माणसाला झाल्याची नोंद नाही, पण त्याचे प्रायॉन (रोग पसरवणारी बिघडलेली प्रथिनं) शिजवून नष्ट होत नाहीत आणि मेंदूत, मज्जारज्जूत ते भरपूर असतात. म्हणून कणा तोडायचाच नाही. रोगाच्या टापूतलं हरीण असेल तर तपासणीचा निकाल येईपर्यंत खायचंही नाही.

आणि तोडायची गरजच पडत नाही. पुढचा पाय धडाला हाडाने जोडलेलाच नसतो. तंगडी बाहेर ओढून काखेतून सुरी फिरवली की अख्खा फरा हातात येतो. मागच्या मांडीला उखळीचा सांधा आहे, तो टोकाने चाचपून उघडायचा. कण्याच्या दोन्ही बाजूंच्या लांब पट्ट्या हाडाला पातं घासत सोडवायच्या. त्या पट्ट्यांवरचा रुपेरी पापुद्रा मात्र भल्याभल्यांना रडवतो. तिथे आईची विळी आठवा. विळीवर पातं हलत नाही, वस्तू हलते. सुरीचं टोक पापुद्र्याखाली सारायचं, धार किंचित वर, पापुद्र्याकडेच. सुरी जवळपास स्थिर ठेवायची आणि मोकळं टोक चिमटीत धरून ओढायचं. हात सरावला की फितीसारखा निघतो, मांस न घेता.

उरलेले पैसे धारेवर घाला. हजार नंबरचा पाणदगड किंवा चांगली सळई, २५ ते ३५ डॉलर. प्रत्येक तंगडीनंतर सळईवर चार-पाच हात. बोथट सुरीवर जोर द्यावा लागतो आणि निसटते ती तेव्हाच. म्हणून रिकाम्या हातात दहा-बारा डॉलरचा कापला न जाणारा हातमोजा घाला. तो कापण्यापासून वाचवतो, टोचण्यापासून नाही.

शेवटी सुरी गरम पाण्या-साबणाने घासा, मांसाचा कण राहू देऊ नका, मग दोन वाट्या ब्लीचमध्ये तीन वाट्या पाणी घालून त्यात पाच मिनिटं बुडवा. स्टीलवरचे प्रायॉन एवढ्याने निष्प्रभ होतात, असं अमेरिकी सरकारी शास्त्रज्ञांनी २०१९मध्ये दाखवलं. पण घड्याळ लावून बसा. ब्लीचमध्ये विसरलेल्या सुरीवर गंजाचे ठिपके धरतात. काढली की धुवा, कोरडी करा, तेलाचं बोट फिरवा.