३.४ वंशावळीचे वाचन : कुलेतिहास आणि संशोधनपत्रिका

मागील भागात आपण बखरीचा परिचय करून घेतला. या भागात वंशावळ हे साधन कसे वाचावे, ते पाहू.

मराठी दप्तरांतील अनेक वंशावळी वतनाच्या तंट्यांतून निर्माण झाल्या. पाटीलकीवर हक्क सांगणारा वादी आपल्या करिन्यात मूळपुरुषापासून स्वतःपर्यंतच्या पिढ्या नमूद करी. अशी वंशावळ हा एक दावा असतो. महजर, सनदा यांसारख्या कागदांशी ताडून पाहिल्यावाचून ती पुरावा ठरत नाही.

ही पडताळणी करताना पुढील तीन बाबी लक्षात घ्याव्यात :

(१) कालगणना : शकात ७८ मिळवले असता सामान्यतः इसवी सन मिळतो, वर्षाच्या अखेरच्या महिन्यांसाठी ७९ मिळवावे लागतात. दोन नोंदींत ४० वर्षांचे अंतर आणि मध्ये पाच पिढ्या असतील, तर वंशावळ संशयास्पद होय.

(२) नावांची पुनरावृत्ती : नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याच्या प्रथेमुळे दोन भिन्न व्यक्ती एकच मानल्या जाण्याचा संभव असतो.

(३) आडनाव : ‘कुलकर्णी’, ‘देशमुख’ ही मुळात पदनामे आहेत; ‘-कर’ हा प्रत्यय बहुधा गावाचा बोध करतो. त्यामुळे केवळ आडनावाच्या साम्यावरून रक्तसंबंध सिद्ध होत नाही.

अशा चिकित्सेला शिस्त लावण्याचे कार्य संशोधनपत्रिका करतात. अमेरिकेत बॉस्टन येथे १८४७ पासून कुलेतिहासाचे त्रैमासिक प्रसिद्ध होत आहे. पुढे १९२२ मध्ये डोनाल्ड लाइन्स जेकबस यांनी न्यू हेवन येथे नियतकालिक सुरू केले आणि प्रत्येक पिढीच्या दुव्यास पुरावा असावा, असा आग्रह धरला. आपल्याकडे पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या (स्थापना १९१०) त्रैमासिकाने मूळ कागद छापून वाचकाला स्वतः पारख करण्याची संधी दिली.

तथापि, या साधनांची एक मर्यादा आहे. ज्यांच्यापाशी वतन होते, त्यांच्याच पिढ्या प्रामुख्याने कागदावर आल्या. त्यांतही लेकी-सुनांची नावे क्वचितच आढळतात. भूमिहीन आणि भटक्या कुटुंबांचा इतिहास म्हणून नव्हता, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. त्यांच्यासाठी शाळेचे दाखले, जन्ममृत्यूच्या नोंदी आणि मौखिक परंपरा हीच साधने होत. मात्र कसोटी त्यांनाही तीच लावावी.

स्वाध्याय : आपल्या आईच्या माहेरच्या तीन पिढ्या लिहा. प्रत्येक नावापुढे माहितीचा आधार नमूद करा. आधार नसेल तेथे ‘ऐकीव’ असे लिहा.